मोठी झाल्याचा निरोप

भाटवाडी, ता. ९ डिसेंबर १९५३

सौ. आनंदीबाई यांना गंगारामचा नमस्कार.

पत्र फार उशिरा लिहितो आहे, त्याचा राग मानू नये. तुमच्या बहिणीचे, यशोदाचे, वर्षश्राद्ध होऊन गेले तरी मी तुम्हाला दोन ओळी लिहिल्या नाहीत. पाकीट आणून ठेवले होते, ते पावसात ओल लागून चिकटले. मग दुसरे आणायचे राहिले. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहायला बसलो की आधी भीती वाटते, काहीतरी वाकडे लिहिले जाईल. शिवाय तुम्ही आमच्या घरापुढच्या खळ्यातून गेलात तेव्हा मागे वळून पाहिले नव्हते. अशा माणसाला सुरुवात कशी करावी हे मला सुचत नव्हते.

सत्यवती बरी आहे. सहा वर्षांची झाली. खोकला गेला. झोपेत आईला हाका मारायची, त्या आता मारत नाही. कधी थांबल्या ते मला सांगता येणार नाही. एके दिवशी ध्यानात आले की बरेच दिवस ऐकल्या नाहीत. तेव्हा मला बरे वाटायला हवे होते, किंवा वाईट तरी. काहीच वाटले नाही.

मुलीचे कोण करते, असे तुम्ही विचाराल. मी करतो. शिडे शिवायचे काम मी आता बंदरावर करत नाही, घरच्या खळ्यात आणले आहे. मचवेवाले शीड आणून टाकतात, मी ते पसरून शिवत बसतो आणि ती दुसऱ्या टोकाला बसते. म्हणजे डोळ्यांसमोर राहते. तिचे परकर-पोलके मीच शिवले. शिडाला घालतो ती दुहेरी शिवण घातली, दुसरी मला येत नाही. आमच्या शेजारची हौसाबाई, मासे विकते ती, म्हणाली, "गंगाराम, वारो इलो तर चेडू मालवणाक जावन लागतला." वारा आला तर मुलगी शिडासारखी मालवणला जाऊन लागेल, यावर सगळे हसले. हसू देत. शिवण अजून उसवलेली नाही. केसांचे मात्र जमत नाही. दोर वळतात तशी वेणी वळतो, ती इतकी घट्ट बसते की संध्याकाळी सोडवताना सत्यवती रडते.

विहिरीकडे मी तिला जाऊ देत नाही. माडाखाली बसू देत नाही, खाडीकडे तर नाहीच. यंदा शाळेत घालणार होतो, पण वाटेत ओहळावर साकव आहे आणि त्याची एक फळी हलते. देवाला कौल लावून विचारले, देवानेही डावा दिला, म्हणजे नको. पुढल्या वर्षी बघू.

देवळात जे ठरले ते माझ्या ध्यानात आहे. तुम्ही म्हणालात, बाई नसलेल्या घरात मुलगी वाढत नाही. मी म्हटले, वाढेल. तुम्ही ऐकेनात, मी सोडेना, तेव्हा गुरवाने रवळनाथाला पाकळी लावली. मुलगी मोठी होईपर्यंत बापाकडे. न्हाण आले की त्याच दिवशी मावशीला निरोप, आणि मग ती कायमची बेळगावला मावशीच्या घरी. उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार. दोघांनीही तीर्थ घेतले. मी शब्द मोडणारा नाही. तुम्ही काळजी करू नका. काळजी करायला मी आहे.

उत्तर आले तर बरे होईल.

गंगाराम


भाटवाडी, ता. २० फेब्रुवारी १९५६

सौ. आनंदीबाई यांना नमस्कार.

तुमचे यजमान नाना यांचे कार्ड पोचले. त्यात तुमचे अक्षर नव्हते. हरकत नाही. तुम्ही स्वतः वाचले नाही तरी ते वाचून दाखवतील, म्हणून मी तुम्हालाच लिहितो.

सत्यवती शाळेत जाते. मी घातली नाही, तीच जाऊन बसली. मी शिडाखाली वाकलो होतो, वर पाहतो तर दुसऱ्या टोकाला कोणी नाही. विहिरीत वाकून पाहिले, माडांखाली पाहिले, खाडीपर्यंत धावलो. दुपारी मास्तरांनी निरोप पाठवला की मुलगी वर्गात आहे, पाटी पाठवून द्या. साकवाचे काय केलेस म्हणून विचारले तर म्हणाली, हलते त्या फळीवर पाय द्यायचा नाही.

आता तिचे असेच चालते. मला विचारत नाही, करून ठेवते. मी पेज करपवत होतो, तर एके दिवशी पाहतो, चुलीपाशी तीच बसलेली. मी रागावलो, पदर पेटतो वगैरे सांगितले. ती म्हणाली, माका पदर खंय आसा. पेज मात्र चांगली झाली होती. आता रोज तीच करते. आठ वर्षांच्या मुलीकडून मी स्वयंपाक करून घेतो असे तुम्हाला कोणी सांगेल, म्हणून मीच कळवतो.

दुसरे एक कळवायचे आहे, कारण तेही तुमच्या कानावर येईल. गेल्या महिन्यात मला ताप होता. खळ्यात एका खलाशाचे शीड अर्धवट पडले होते आणि मेण-सुतळी संपलेली. खलाशी दोनदा येऊन गेला. सत्यवती म्हणाली, मी कट्ट्याला जाऊन आणते. मी नको म्हटले. ती गेली. कट्टा, म्हणजे आमचे बाजाराचे गाव, चांगलेच लांब आहे, वाटेत तोच साकव आणि काजूचे रान आहे, पुढे मोटारींचा रस्ता. मी अंथरुणातून उठलो, घोंगडी घेतली आणि तिच्यामागून निघालो. तिला दिसू नये म्हणून झाडांच्या आडून चाललो. तापाने डोळ्यांपुढे अंधारी येत होती, पण तिचा परकर दिसत होता.

कट्ट्याला दाजी दुकानदाराने तिला विचारले, "एकटाच इला काय गो? बापूस खंय?" ती म्हणाली, "फाटसून येता हा. थंय काजीच्या झाडामागे आसा." दाजीने मान वर करून पाहिले, मीही त्याच्याकडे पाहिले. मग बाहेर यावेच लागले. दाजीने मला चहा पाजला. तिने तोवर मेण हातात घेऊन, नखाने टोकरून, वास घेऊन बघितले आणि एक गोळा परत केला. तो खरेच हलका होता.

येताना मी पुन्हा मागून चालत होतो. साकवाशी ती थांबली. म्हणाली, "बाबानू, तुमी फुडे चला. माका तुमच्यार नजर ठेवूक बरा पडात."

मी पुढे चाललो.

हे सगळे लिहून तुम्हाला काय सांगायचे होते ते आता आठवत नाही. मुलगी बरी आहे. अजून लहान आहे. निरोप द्यायची वेळ दूर आहे.

गंगाराम


भाटवाडी, ता. ११ ऑक्टोबर १९६०

सौ. आनंदीबाई यांना नमस्कार.

नानांच्या कार्डात शेवटी एक ओळ तुमच्या हातची होती. इतक्या वर्षांनी तुमचे अक्षर पाहिले. मुलगी मोठी झाली का, असे विचारले आहे.

सत्यवती सातवीत आहे. अंगाने बारीक आहे. अजून लहानच आहे. वेळ येईल तेव्हा निरोप देईन.

शिडांचे काम कमी झाले. मचव्यांना यंत्रे बसू लागली आहेत. वेंगुर्ल्याच्या एकदोघांचे काम अजून येते, तेवढ्यावर आमचे भागते. पाऊस यंदा लांबला. दसरा बरा पार पडला.

गंगाराम


भाटवाडी, ता. ७ मे १९६१

सौ. आनंदीबाई यांना गंगारामचा नमस्कार.

हे पत्र पोचेल तेव्हा सत्यवती तुमच्या दारात उभी असेल, किंवा आधीच येऊन बसली असेल. आज सकाळी ती कट्ट्याहून गाडीत बसली. एकटी. सावंतवाडीला गाडी बदलून तिला बेळगावची धरायची आहे. मी ते तिला इतक्या वेळा सांगितले की शेवटी बाजूला बसलेला माणूस म्हणाला, आता माझेही पाठ झाले.

ती मोठी झाली आहे. हे मी तुम्हाला दसऱ्याच्या वेळीच कळवायला हवे होते. ऑक्टोबरातले माझे पत्र खोटे होते. ती आल्यावर तुम्ही तिला काही विचारण्याआधी सगळे माझ्याकडूनच ऐका.

दसऱ्याला मी दाभणे, सुया आणि मेणाचा गोळा पाटावर मांडतो आणि ती फुले वाहते. दर वर्षीचे आहे. या दसऱ्याला ती मागल्या पडवीत चटई टाकून बसून राहिली. पोट दुखते म्हणाली. घरात येईना. कुठल्या मडक्यात काय आहे ते पडवीतूनच सांगत होती, आणि मी स्वयंपाक करत होतो. ताप आहे का बघायला कपाळावर हात ठेवायला गेलो तर मागे सरली. "माका शिवा नको," म्हणाली.

बायका हे वाचून हसतील. तुम्हीही हसाल. पण यशोदाला जाऊन आठ वर्षे झाली होती, आणि मी म्हातारा माणूस, शिवणात आणि काळजीत दिवस घालवलेला. माझ्या डोक्यात ते आलेच नाही. कसली तरी बाधा झाली असे वाटले. मी तडक देवळात गेलो.

दसऱ्यामुळे देऊळ भरलेले. गुरवाला कमी ऐकू येते, म्हणून मी मोठ्याने गाऱ्हाणे घातले. माझी मुलगी पडवीत बसून आहे, घरात येत नाही, देवाच्या पाटाला फूल वाहत नाही, मला शिवू देत नाही, हा कसला दोष, कुणाची करणी, ते देवा सांग. गुरवाने पाकळी हातात घेतली होती. ती त्याने लावलीच नाही. मग बायकांच्या बाजूने कोणीतरी पदर तोंडाला लावून हसले, आणि सगळ्याच हसल्या.

हौसाबाईने येऊन माझे कोपर धरले आणि मला बाहेर नेले. पायरीवर बसवून म्हणाली, "गंगाराम, ह्या देवाक कित्या विचारतंस? माका विचार. चेडू मोठा झाला तुजा."

तेव्हा कळले की ही पहिली वेळ नव्हती. श्रावणापासूनचे होते. सत्यवती आपणहून हौसाबाईकडे गेली, सगळे विचारून घेतले आणि कुणाला सांगू नकोस म्हणून तिला शपथ घातली. आधीच्या दोन्ही वेळा मी वेंगुर्ल्याला कामावर होतो. देवळात काय ठरले आहे ते वाडीतल्या पोरासोरांना माहीत आहे, तिलाही माहीत. मोठी झाली हे कळले की बेळगाव. म्हणून तिने ते एकटीनेच निभावले. आणि मी जाऊन ते भर देवळात, देवाच्या कानापर्यंत जाईल अशा आवाजात, सगळ्या गावाला सांगून आलो.

घरी आलो. तिला काही विचारले नाही. तीच पडवीतून म्हणाली, भात उतरवा, करपता हा. मी भात उतरवला.

तिन्हीसांजेला हौसाबाई एक नारळ आणि खण घेऊन आली. तिने पडवीतच तिची ओटी भरली. घरात दुसरी बाई नव्हती. खरे म्हणजे हे तुमचे काम होते. तुम्ही साडी आणायची, तुम्ही तिला पाटावर बसवायचे. मी निरोप दिला नाही म्हणून ते तिला मिळाले नाही. तिने खण घडी करून ठेवला.

त्याच दिवशी निरोप, असे ठरले होते. मी पुढे बरेच दिवस कागद घेऊन बसलो आणि अजून लहान आहे असे लिहिले. पत्र पेटीत टाकले, घरी येऊन जेवलो.

वाडीतले कोणी तुम्हाला कळवले नाही. मी कुणाला गप्प राहायला सांगितले नव्हते. माझ्यासमोर कोणी तो विषय काढत नसे, एवढेच. गुरव देवळाच्या वाटेवर भेटला की दुसरीकडे बघायचा. मीही त्या वाटेने जाणे कमी केले.

परवा नाना आले. नारळाच्या सौद्यासाठी मालवणला आले होते, वाट वाकडी करून आमच्याकडे आले, हे त्यांनी तुम्हाला सांगितले असेल. सत्यवतीने पाणी आणि गुळाचा खडा आणून ठेवला. नाना तिच्याकडे बघून म्हणाले, आनंदी विचारते आहे. मी म्हटले, अजून लहान आहे, नाना. ती दारात उभी होती. तिचे डोके आता चौकटीच्या वरच्या लाकडापासून वीतभर खाली येते. नानांनी पाणी प्यायले, गूळ तोंडात टाकला आणि पावसाचे बोलू लागले. नाना सज्जन आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शीड उलगडत होतो, तेव्हा समोर येऊन उभी राहिली.

"बाबानू, मी मावशीकडे जातंय."

मी म्हटले, तुला कोणी बोलावले आहे?

"कोणी नाय. तुमी देवाकडे कबूल केलास. दसऱ्यापासून तुमी जेवताना माज्याकडे बघूक नाय. कालच्यान तर जेवकच नाय."

मी म्हटले, बरे, मी येऊन सोडतो. तेवढे तरी मला करू दे. ती नाही म्हणाली. मी वाट सांगितली, घाट सांगितला, गाडीत काय काय होते ते सांगितले, एकट्या मुलीला लोक काय म्हणतात ते सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "तुमी येवन सोडलास तर तुमी माका धाडलास असा होतला. माका कोणी धाडूक नको. मी आपसून जातंय."

परत कधी, असे मी विचारले. विचारायला नको होते, कारण देवासमोर परत यायचे ठरलेलेच नाही. ती म्हणाली, "थंय जावन बघतंय. मगे सांगतंय."

हौसाबाई भांडायला आली. तू बाप की कोण, म्हणाली. चेडवाक एकट्या घाटाक धाडतंस? मी म्हटले, मी धाडत नाही. ती म्हणाली, मग कोण धाडता? सत्यवती आतून म्हणाली, हौसाकाकी, माजे कपडे सुकले काय बघ. हौसाबाई बघायला गेली आणि तिकडेच दोरीशी रडत उभी राहिली. मी शीड शिवत होतो.

आज कट्ट्यापर्यंत मी तिच्याबरोबर गेलो, तेवढी तिची परवानगी होती. गाडीत बसवले. खिडकीबाहेर हात काढू नको म्हटले, कुणाचे काही खाऊ नको म्हटले. मग कंडक्टरला सांगायला गेलो, तर तिने त्याला आधीच सांगून ठेवले होते. गाडी सुटली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले आणि हात वर केला. मग पुढे बघायला लागली. रडत नव्हती. मीही नव्हतो. घरी येऊन भात टाकला, तो दोघांचा झाला.

आनंदीबाई, आता तुम्हाला विनंती. तिला दारात उभी करून काही बोलू नका. रागवायचे ते मला पत्रातून रागवा, मी एकेक ओळ वाचीन. तिला उकडा भात लागतो, दुसरा पोटाला चालत नाही. पाणी जड असेल तर उकळून द्या. सर्दी झाली की कान दुखतो, पण ती सांगत नाही, कानावर हात ठेवून बसते, तेवढ्यावरून ओळखायचे. शाळा पुढे शिकायची तिला इच्छा आहे असे मास्तर म्हणाले. मला ती कधी बोलली नाही. तुमच्याकडे बोलेल कदाचित.

तुम्ही म्हणाला होता, बाई नसलेल्या घरात मुलगी वाढत नाही. मी तिला वाढवले असे मी म्हणणार नाही. मी सगळ्याला नको म्हणत गेलो आणि ती करत गेली. शब्दही मी पाळला नाही, तिने पाळला. ती तुमच्याकडे आली, तुमचे माझ्याकडे काही राहिले नाही. पण आता ती तिथे राहते की परत येते, हे तुम्ही ठरवू नका. मीही ठरवत नाही. हे लिहिताना मला वाईट वाटते की कसे, ते समजत नाही. फक्त घरात कसलाच आवाज येत नाही.

पुढचे तिला तिच्या हाताने लिहू द्या, सावकाश लिहू दे, मी घाई करणार नाही. पण ती पोचली, एवढे तुम्ही कळवा. सावंतवाडीला तिला गाडी मिळाली का, बसायला जागा होती का, घाटात पोटात ढवळले का, हे जमले तर. नाही जमले तर फक्त पोचली इतकेच. पोस्टमन आमच्या वाडीत रोज येत नाही, म्हणून उद्यापासून मी कट्ट्याला पोस्टापुढे जाऊन बसणार आहे. तिथे सावली आहे. उत्तर नानांनी लिहिले तरी चालेल, तुम्ही नाही लिहिले तरी चालेल, पण लवकर पाठवा.

गंगाराम